तुम्ही विचारलंत म्हणून : कर्ज काढून गुंतवणुकीचा फ्लॅट घ्यावा का?

नोकरीची बरीच वर्षे मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या गृहकर्ज विभागात होतो आणि त्यांतील बहुतेक वर्षे पिंपरी-चिंचवड परिसरात गेली. त्यामुळे निवृत्तीनंतरही लग्नकार्यात, सोसायटीच्या सभेत किंवा सकाळी फिरताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "राहायला स्वतःचं घर आहे, पगार बरा आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे. मग दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा का? हप्ता भाड्यातून सुटेल ना?" उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही आणि माझेही होत नाही, कारण या प्रश्नामागे वीस वर्षांचा व्यवहार असतो आणि तो आकडे मांडल्याशिवाय दिसत नाही. म्हणून आज हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: पुण्या-मुंबईत निवासी फ्लॅटच्या भाड्यातून हप्ता सुटत नाही. तो सुटेल अशी बँकेचीही अपेक्षा नसते. गृहकर्जाचा अर्ज आमच्या टेबलावर येई तेव्हा आम्ही आधी पगाराच्या पावत्या, सोळा क्रमांकाचा फॉर्म, प्राप्तिकराची विवरणपत्रे, सिबिलचा अहवाल (आधीच्या कर्जांची परतफेड कशी केली याची नोंद) आणि चालू हप्ते पाहत असू. सगळे हप्ते भरून घरखर्चाला किती उरते, यावर कर्जाची रक्कम ठरे. मालमत्तेचे मूल्यांकन आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी हक्काच्या तपासणीचा अहवाल, हे तारणासाठी असतात. परतफेडीची भिस्त पगारावर असते. होऊ घातलेल्या भाड्याचा थोडा भाग काही बँका उत्पन्नात धरतात, पण तेवढ्यावर कर्ज मंजूर होत नाही. म्हणून मी विचारणाऱ्यांना नेहमी सांगतो की, तुम्ही फ्लॅट विकत घेत आहात हे खरेच आहे, पण त्याबरोबर तुमच्या पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या पगाराचा एक हिस्सा आजच विकत आहात. तो हिस्सा किती मोठा आहे आणि त्याची किंमत तुम्हाला काय मिळणार आहे, एवढेच पाहायचे असते.

आता एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या कडेच्या एखाद्या उपनगरात, समजा वाघोलीत किंवा रावेतमध्ये, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेला सत्तर लाखांचा तयार फ्लॅट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढील कर्जात ७५ टक्के इतकीच रक्कम बँक देऊ शकते. म्हणजे येथे कर्ज फार तर ५६ लाखांचे मिळेल आणि १४ लाख पदरचे घालावे लागतील. पण पदरचे पैसे एवढ्यावर थांबत नाहीत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी कर्जाच्या हिशेबात धरत नाहीत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क सर्व अधिभार धरून सात टक्के म्हणजे ४ लाख ९० हजार होते आणि नोंदणी फी ३० हजार. खरेदी एकट्या स्त्रीच्या नावावर असेल तर शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, ती जरूर घ्यावी. दलाली, बँकेची प्रक्रिया फी, खिडक्यांच्या जाळ्या, पंखे, स्वयंपाकघरातील ट्रॉल्या, गिझर या गोष्टींना मिळून पावणेचार लाखांच्या आसपास लागतात. अशा रीतीने भाडेकरू दारात येण्यापूर्वी तुमच्या खिशातून २३ लाख गेलेले असतात. ‘वीस टक्के भरून फ्लॅट घेतला’ असे लोक म्हणतात तेव्हा हे नऊ लाख त्यांच्या बोलण्यात कधीच येत नाहीत.

साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर ५६ लाखांचा हप्ता दरमहा सुमारे ४८,६०० रुपये पडतो. आज काहींना याहून कमी दराने कर्ज मिळते, पण वीस वर्षांचा विचार करताना मी मधली पातळी धरतो. अशा फ्लॅटला भाडे साधारण वीस हजार येईल. वर्षाचे २ लाख ४० हजार. हा किमतीच्या साडेतीन टक्क्यांच्या जरा आतला परतावा झाला. त्यातून सोसायटीची देखभाल वर्षाला ३६ हजार आणि मिळकतकर १५ हजार वजा करा. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकराच्या मूल्यात मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही, आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीही बिनभोगवटा शुल्क लावते. शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, तरी काही सोसायट्या अजून जास्त मागतात. तेथे आदेशाची प्रत दाखवावी. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर घर रिकामे राहते, एजंटला द्यावे लागते, रंग काढावा लागतो, लिव्ह अँड लायसन्सचा करार दर वेळी नोंदवावा लागतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती नोंदणी करून घेणे ही घरमालकाचीच जबाबदारी आहे. हे सगळे वजा जाता हातात वर्षाला दीड लाख उरतात, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार.

हप्ता ४८,६०० आणि हाती साडेबारा हजार. मधले ३६ हजार दर महिन्याला पगारातून जातात. या ३६ हजारांना कोणी नाव दिलेले नाही, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. माझ्या दृष्टीने संपूर्ण निर्णयातली सर्वांत महत्त्वाची रक्कम हीच आहे.

पुढचे दहा वर्षांचे गणित मी कागदावर मांडून देतो तेव्हा समोरचा माणूस बहुधा गप्प होतो. दहा वर्षांत हप्त्यांपोटी तुम्ही ५८ लाखांहून अधिक भरता, म्हणजे घेतलेल्या कर्जापेक्षाही जास्त. आणि तरी ३९ लाखांचे कर्ज शिल्लकच असते. पहिल्या वर्षी भरलेल्या ५ लाख ८३ हजारांपैकी ४ लाख ७२ हजार व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम एक लाख अकरा हजारांनी कमी होते. भाडे दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढत गेले असे उदारपणे धरले तरी सुरुवातीचे २३ लाख आणि दहा वर्षांची मासिक तूट मिळून तुमचे सुमारे साडेबासष्ट लाख या व्यवहारात गुंतलेले असतात.

आता दहाव्या वर्षाअखेर फ्लॅट विकला असे समजू. कर्ज फेडून, एक टक्का दलाली देऊन आणि जुलै २०२४ नंतर लागू झालेल्या साडेबारा टक्के दराने भांडवली नफ्यावरील कर भरून हाती काय येते, ते भाववाढीवर अवलंबून आहे. भाव दर वर्षी तीन टक्क्यांनी वाढला असेल तर घातलेल्या पैशांतले जवळजवळ अकरा लाख बुडतात. पाच टक्क्यांनी वाढला तर फ्लॅटची किंमत सत्तर लाखांवरून एक कोटी चौदा लाखांवर गेलेली असते, पेढे वाटावेत अशी ती रक्कम दिसते, पण तुमच्या पदरी दहा वर्षांत मिळून सहा-साडेसहा लाखच पडतात. ते पैसे साध्या मुदत ठेवीत याहून बरेच अधिक वाढले असते. भाव सात टक्क्यांनी वाढला तर सत्तावीस लाखांच्या आसपास नफा होतो, जो दर वर्षाला पाच टक्क्यांच्या थोडा पुढे पडतो. घातलेल्या पैशांवर दहा टक्के सुटायचे असतील तर फ्लॅटचा भावही सलग दहा वर्षे साधारण दहा टक्क्यांच्या गतीने वाढावा लागतो.

‘आमच्या काकांनी घेतलेल्या फ्लॅटचे पाचपट झाले’ हे वाक्य या ठिकाणी हमखास येते, आणि ते खोटे नसते. २००३-०४ च्या सुमारास व्याजदर उतरलेले होते, हिंजवडीचे आयटी पार्क भरत होते, बाणेर-बालेवाडीकडे अजून शेते दिसत होती. तेव्हा ज्यांनी कर्ज काढून घेतले त्यांच्या मालमत्तेचे मूल्य कर्जापेक्षा कितीतरी वेगाने वाढले. कर्जाचा गुण असा की, मालमत्ता व्याजदराहून वेगाने वाढत असेल तर वरची सगळी वाढ तुमची होते, बँकेला तिचे ठरलेले व्याजच जाते. पण हाच गुण उलट बाजूनेही तितक्याच जोराने काम करतो. २०१४ ते २०२० च्या दरम्यान पुण्याच्या अनेक उपनगरांत भाव जवळजवळ जागच्या जागी राहिले. त्या काळात घेतलेल्या फ्लॅटचे हप्ते मात्र जागच्या जागी थांबले नाहीत. आधीच्या दशकातले काका आणि नंतरच्या दशकातले पुतणे यांची हुशारी सारखीच होती. त्यांनी कर्ज काढले ते वर्ष वेगळे होते.

व्याजदराचा भाग मी मुद्दाम वेगळा सांगतो, कारण आमच्या शाखेत सर्वांत जास्त तक्रारी त्यावरूनच येत. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य निर्देशांकाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी), बांधलेली आहेत. मे २०२० ते मे २०२२ पर्यंत रेपो दर चार टक्के होता आणि पावणेसात टक्क्यांनी गृहकर्ज मिळत होते. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तोच रेपो साडेसहा टक्क्यांवर गेला. वरच्याच ५६ लाखांच्या कर्जाचा पावणेसात टक्क्यांनी हप्ता ४२,५८० होता. दोन वर्षांनी दर सव्वानऊवर गेल्यावर हप्ता तोच ठेवला तर त्यातले सुमारे ४१ हजार नुसत्या व्याजातच जाऊ लागतात आणि मुद्दल फिटण्याची मुदत पस्तीस वर्षांच्याही पुढे सरकते. पुष्कळ बँकांनी कर्जदाराला न विचारता मुदतच वाढवली, आणि कित्येकांना ते काही महिन्यांनी, विवरण पाहिल्यावर कळले. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की, दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, याचा पर्याय कर्जदाराला दिला पाहिजे. २०२५ मध्ये रेपो पुन्हा उतरला, तेव्हा वाढलेली मुदत कमी करून घ्यायला मात्र फार थोडे लोक बँकेत गेले. ज्यांचे कर्ज चालू आहे त्यांनी मुदत किती उरली आहे हे एकदा स्वतः पाहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या घराच्या कर्जावर हा धक्का माणूस सोसतो, कारण घर राहते आहे. दोन कर्जे एकाच रेपोला बांधलेली असतील तर दोन्ही हप्ते एकाच महिन्यात वाढतात आणि भाडेकरू मात्र करार संपेपर्यंत भाडे वाढवून देत नाही.

‘पण करात सूट मिळते ना?’ असे विचारणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा जुने दिवस असतात. एके काळी भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे सगळे व्याज भाड्यातून वजा करून उरलेला तोटा पगारातून वळता करता येत असे आणि मोठ्या पगाराचे लोक त्यासाठीच दुसरा फ्लॅट घेत. २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून हा तोटा इतर उत्पन्नातून वर्षाला दोन लाखांपर्यंतच वजा करता येतो आणि उरलेला पुढील आठ वर्षे घराच्याच उत्पन्नातून वजा करण्यासाठी नेता येतो. ही सोयसुद्धा जुन्या करप्रणालीत आहे. नवी प्रणाली निवडली असेल, आणि २०२३-२४ पासून वेगळे न सांगितल्यास तीच लागू होते, तर व्याज भाड्यापुरतेच वजा होते. भाड्यावर कर लागत नाही एवढाच काय तो लाभ. तोट्याचा एक रुपयाही पगारातून वळता होत नाही आणि पुढेही नेता येत नाही. वरचे दहा वर्षांचे गणित मी याच प्रणालीचे मांडले आहे. जुन्या प्रणालीत तीस टक्के दराने कर भरणाऱ्याला वर्षाला साठ हजारांच्या आसपास दिलासा मिळेल, पण त्यासाठी नव्या प्रणालीतले कमी दर सोडावे लागतील. करसल्लागाराकडून दोन्ही बाजूंचे आकडे लिहून घेतल्याशिवाय या कारणासाठी कोणी घर घेऊ नये.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत स्वस्तात घ्यावे की तयार घर घ्यावे, हा यातलाच उपप्रश्न. गुंतवणुकीसाठी आणि तेही कर्ज काढून घ्यायचे असेल तर माझे मत तयार घराच्या बाजूने ठाम आहे. बांधकाम चालू असताना बँक टप्प्याटप्प्याने पैसे देते आणि तेवढ्या रकमेवर तुम्ही फक्त व्याज भरता; मुद्दल कमी होत नाही आणि भाडेही येत नाही. तीन वर्षांत सरासरी अर्धी रक्कम उचललेली असली तरी ५६ लाखांच्या कर्जावर हे व्याज सात लाखांवर जाते. त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे सत्तर लाखांवर साडेतीन लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या फ्लॅटवर तो लागत नाही. बांधकामकाळातले व्याज घर पूर्ण झाल्यावर पाच समान हप्त्यांत वजावटीस धरता येते, पण ज्या मर्यादा वर सांगितल्या त्याच तेथेही आहेत. हे सगळे धरले की बिल्डरने सांगितलेला कमी दर बहुतेक वेळा कमी उरत नाही.

१ मे २०१७ पासून महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे, काम सुरू झाले आणि पुष्कळ गोष्टी सुधारल्या. ग्राहकांकडून आलेल्या पैशातील सत्तर टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ताबा वेळेवर दिला नाही तर ग्राहकाला व्याज मागता येते किंवा पैसे परत मागता येतात. पण आदेश मिळणे आणि पैसे हातात येणे यांत बराच काळ जातो, आणि त्या काळातही बँकेचा हप्ता चालूच असतो. बिल्डरने उशीर केला म्हणून बँकेचा करार सैल होत नाही, ही गोष्ट मला अत्यंत हताश झालेल्या माणसांना समोर बसवून सांगावी लागली आहे. ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू’ अशा योजनांपासून तर चार हात दूरच राहावे. त्यांत कर्ज तुमच्याच नावावर असते आणि बिल्डरने भरणे थांबवले की थकबाकी तुमच्या सिबिलवर चढते. राष्ट्रीय आवास बँकेने जुलै २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशी कर्जे देणे थांबवण्यास सांगितले होते, आणि दिल्लीच्या आसपास अशा योजनांत अडकलेल्या हजारो कुटुंबांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बिल्डर आणि बँकांच्या संगनमताची सीबीआय चौकशी करायला सांगितली.

हप्ते थकले तर काय होते, हेही स्पष्ट सांगतो, कारण ‘फार तर फ्लॅट बँकेला देऊन मोकळे होऊ’ असे शिकलेली माणसेही बोलतात. नव्वद दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक म्हणजे एनपीए ठरते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते, त्यानंतर बँक ताबा घेऊन लिलाव करू शकते. लिलावाची रक्कम कर्जाला पुरी पडली नाही तर उरलेली रक्कम तुमच्याकडून वसूल करण्याचा बँकेला अधिकार आहे, आणि सहकर्जदार म्हणून सही केलेली पत्नी, आई किंवा भाऊ तितकाच बांधील असतो. फ्लॅट दिल्याने कर्ज संपत नाही. सहकर्जदार म्हणून घरातल्या माणसाची सही घेताना त्याला एवढे तरी समजावून सांगावे, कारण आमच्या टेबलावर सही करताना बहुतेकांनी ती नुसती औपचारिकता मानलेली असे.

डाउन पेमेंटसाठी वैयक्तिक कर्ज किंवा दागिन्यांवर कर्ज काढण्याचा विचार असेल तर मी एका शब्दात नाही म्हणतो. वीस टक्के पदरचे असावेत हा नियम कर्जदाराच्याही बचावासाठी आहे.

मग घ्यावे कोणी? माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला मी आग्रहाने हो म्हटले होते. दोघेही नोकरीत, पहिल्या घराचे कर्ज फिटलेले, हाती पस्तीस लाख. मुलीला पुढे पुण्यातच राहायचे होते आणि घर तिच्या कामाच्या जागेजवळ होते. त्यांनी निम्मी रक्कम स्वतःची घातली, त्यामुळे हप्ता आणि भाडे यांतली तूट एका पगारातून सहज निघत होती. भाव वाढला नाही तरी त्यांचे काही अडणार नव्हते. कर्ज निम्म्याखाली असेल, एका पगारावर दोन्ही घरांचे हप्ते निघत असतील, वर्षभराचे हप्ते वेगळे बाजूला ठेवलेले असतील आणि त्या घराचा पुढे तुम्हाला स्वतःला काही उपयोग असेल, तर कर्ज काढून घर घेणे हा चांगला मार्ग आहे असे मी मनापासून मानतो. सक्तीने होणारी बचत हा त्याचा मोठा फायदा आहे, आणि ज्यांच्या हातात पैसा टिकत नाही अशा कित्येक कुटुंबांना हप्त्यानेच मालमत्ता मिळवून दिली आहे. याउलट मुलाच्या उच्च शिक्षणाला तीन-चार वर्षे उरली आहेत, आईवडिलांची दुखणी सुरू झाली आहेत, नोकरी अशा क्षेत्रात आहे जेथे एका ईमेलने माणसे कमी होतात, अशांनी पगाराचा तो ३६ हजारांचा हिस्सा मोकळाच ठेवावा. दुसरे कर्ज चालू असताना शैक्षणिक कर्ज किंवा मोठ्या घराचे कर्ज मागायला गेलात तर बँक हाच हप्ता तुमच्या पात्रतेतून वजा करते.

दुकान किंवा कार्यालयाची जागा घ्यावी का, असेही कोणी विचारते. भाड्याचा परतावा तेथे अधिक असतो हे खरे. पण कर्ज किमतीच्या मानाने कमी मिळते, व्याज जास्त असते, मुदत कमी असते, आणि एकदा जागा रिकामी झाली की कित्येक महिने रिकामी राहू शकते. व्यापाराची जाण असलेल्याने ते करावे.

अमेरिकेत किंवा आखाती देशांत असलेले नातेवाईक विचारतात तेव्हा त्यांना दोन गोष्टी सांगतो. अनिवासी घरमालकाच्या भाड्यातून भाडेकरूने तीस टक्क्यांहून अधिक दराने करकपात करायची असते, आणि पुढे घर विकतानाही खरेदीदाराला करकपात करावी लागते, ती विवरणपत्र भरून परत मिळेपर्यंत पैसे अडकतात. आणि घराची किल्ली इथल्या भावाकडे किंवा आईवडिलांकडे द्यायची असेल तर भाडेकरू शोधणे, नळ दुरुस्त करणे, सोसायटीच्या सभांना जाणे हे काम त्यांच्यावर पडणार आहे. त्यांना आधी विचारावे.

ज्यांनी आधीच असे कर्ज घेतले आहे त्यांनी हे वाचून घाबरून फ्लॅट विकायला काढू नये. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्यास बँक दंड लावू शकत नाही. बँकांना ही मनाई २०१२ पासून आहे. दर वर्षी एक हप्ता जादा भरत गेलात तर वीस वर्षांचे साडेआठ टक्क्यांचे कर्ज सुमारे साडेसोळा वर्षांत फिटते. बोनस किंवा भाड्याची वाढ यासाठीच वापरावी, आणि भरताना बँकेला लेखी सांगावे की हप्ता कमी न करता मुदत कमी करा, कारण काही ठिकाणी न सांगितल्यास हप्ता कमी केला जातो. सुरुवातीच्या वर्षांत भरलेले जादा पैसे सर्वांत जास्त व्याज वाचवतात, म्हणून उशीर करू नये. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने मूळ कागदपत्रे तीस दिवसांच्या आत परत दिली पाहिजेत आणि बँकेकडून उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई दिली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद हातात आल्यावर मूळ खरेदीखत आणि सूची क्रमांक दोनची (नोंदणी कार्यालयातील व्यवहाराच्या नोंदीच्या उताऱ्याची) प्रत पाने मोजून तपासावी, तारणाची नोंद काढून टाकल्याचे पत्र बँकेकडून घ्यावे आणि त्याची एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात देऊन त्यांच्याकडील बोजाची, म्हणजे फ्लॅटवरील कर्जाची, नोंदही कमी करून घ्यावी.